नव्या गाडीचे टायर वेळेआधी झिजतात तेव्हा

ही तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने पुढे सरकते. गाडी घेऊन वर्षही झालेलं नसतं, दहा-बारा हजार किलोमीटर झालेले असतात आणि सर्व्हिसच्या वेळी कळतं की पुढचे दोन्ही टायर संपले. नवे टायर बसतात. तेही तेवढ्याच अंतरात गोटा होतात. मग टायरची कंपनी बदलली जाते आणि तिसरी जोडीसुद्धा त्याच वाटेने जाते. हे पुन्हा पुन्हा घडतं कारण झिजवणारा दोष गाडीतच राहतो, आणि त्या दोषाचा एकमेव पुरावा, म्हणजे झिजलेला टायर, भंगारात गेलेला असतो.

त्यामुळे सगळ्यात आधी एक पथ्य. टायर मोजून, फोटो काढून, आकडे लिहून होईपर्यंत चाकांची अदलाबदल करू देऊ नका, नवे टायर बसवू देऊ नका आणि अलाइनमेंटही, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं काम, करून घेऊ नका. "आधी अलाइनमेंट करून टाकू, मग बघू" असं कोणी म्हटलं तर थांबवा. एकदा कोन बदलले की गाडी आधी कशी चालत होती हे कोणालाच सांगता येत नाही.

झीज खरोखर जास्त आहे का

कारच्या नव्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. मुख्य खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की १.६ मिलिमीटर उरले, म्हणजे टायरचं आयुष्य संपलं. वापरायला मिळतात ते मधले साडेपाच ते साडेसहा मिलिमीटर.

खोली मोजायला साधा ट्रेड डेप्थ गेज पुरतो. प्रत्येक टायरवर आतली खाच, मधली खाच आणि बाहेरची खाच अशा तीन जागी मोजा, आणि हेच टायरच्या परिघावर तीन ठिकाणी करा. चार टायरांचे ३६ आकडे होतात. गेजची सुई तळातल्या उंचवट्यावर ठेवू नका, नाहीतर आकडा कमी येईल. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतली बाजू दिसते. मागच्या चाकांची आतली कड मात्र गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय नीट दिसत नाही. तोवर मोबाईलचा दिवा लावून चाकामागून व्हिडिओ काढला तरी चालेल. हा भाग टाळू नका. बाहेरून नवाकोरा दिसणारा टायर आतल्या कडेला तारेपर्यंत झिजलेला सापडणं हा या दुखण्याचा सगळ्यात धोकादायक प्रकार आहे. तार दिसत असेल तर मोजमाप बाजूला ठेवा. त्या टायरवर गाडी चालवायची नाही आणि तिथे उघड्या हाताने चाचपायचंही नाही.

आता हिशेब. समजा नव्या टायरची खोली ८.० होती, ९,००० किलोमीटरनंतर ५.२ उरली. २.८ मिलिमीटर गेले, म्हणजे दर हजार किलोमीटरला ०.३१. उरलेले ३.६ मिलिमीटर या वेगाने आणखी ११,६०० किलोमीटर पुरतील. एकूण वीस हजारांच्या आसपास. ४०,००० किलोमीटर चालायचे तर हाच दर ०.१६ असायला हवा. हा हजार किलोमीटरमागचा दर लिहून ठेवा, कारण दुरुस्ती झाली की नाही हे शेवटी त्यावरूनच ठरणार आहे.

निष्कर्ष काढताना तीन गोष्टी ध्यानात घ्या. नव्या टायरच्या नक्षीचे रबरी ठोकळे उंच असतात, चालताना जास्त लवतात आणि म्हणून पहिले काही हजार किलोमीटर झीज थोडी जास्तच असते. पुढे वेग कमी होतो. दुसरं, बऱ्याच टायरांत खांद्याकडची, म्हणजे कडेजवळची, खाच मुळातच मधल्या खाचेपेक्षा उथळ असते. न वापरलेली स्टेपनी त्याच मापाची, त्याच मॉडेलची असेल तर तिचे आकडे आधी घ्या. तुलनेला त्याहून चांगलं काही नाही. तिसरं, कारखान्यातून बसून आलेला टायर आणि त्याच नावाने दुकानात मिळणारा टायर दर वेळी एकच असतो असं नाही. गाडी बनवणाऱ्याच्या मागणीनुसार कमी आवाज, कमी इंधन किंवा जास्त पकड यासाठी रबर आणि नक्षी बदललेली असू शकते. मऊ रबराचा स्पोर्ट टायर निरोगी गाडीवरही लवकर संपतो. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे जड असते, मोटरचा जोर पॅडल दाबताक्षणी चाकावर येतो आणि पॅडल सोडल्यावर तीच चाकं गाडी थोपवतात. तिचे टायर तशाच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा लवकर झिजले तर तेवढ्यावरून दोष काढता येत नाही.

टायरच्या भिंतीवर 'ट्रेडवेअर' म्हणून ३०० किंवा ४०० असा आकडा छापलेला दिसला तर तो तुलनेपुरता घ्यावा. १०० अंक मिळालेल्या प्रमाण टायरच्या मानाने तो किती टिकला, एवढंच त्यातून कळतं. अंक कंपनी स्वतःच देते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत त्याचा उपयोग आहे. दोन वेगळ्या कंपन्यांत फारसा नाही.

या सगळ्या कारणांनी टायर लवकर संपेल, पण सारखा झिजेल. एकाच टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या खाचेत एक मिलिमीटरहून जास्त फरक असेल, किंवा एकाच अॅक्सलच्या डाव्या-उजव्या टायरांत तेवढा फरक असेल, तर दोष गाडीत किंवा हवेत आहे असं धरून चाला.

टायर काय सांगतोय

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग उंच राहिला तर हवा कमी किंवा वजन जास्त. मधला पट्टा झिजला आणि कडा शाबूत असतील तर हवा जास्त. हल्लीच्या टायरांत स्टीलच्या तारांचे पट्टे नक्षी सपाट धरून ठेवतात, त्यामुळे जास्त हवेची खूण जुन्या चित्रांत दाखवतात तितकी ठळक दिसत नाही. मध्ये आणि कडेला अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा फरक दिसला तरी तो मनावर घ्या.

फक्त आतली कड झिजली असेल तर चाकं पुढच्या बाजूने बाहेर फाकलेली आहेत, म्हणजे टो-आउट आहे, किंवा चाकाचा माथा प्रमाणाबाहेर आत झुकलेला आहे, म्हणजे उणा कॅम्बर जास्त आहे. बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतात. फक्त बाहेरची कड झिजली तर टो-इन, म्हणजे चाकं पुढून जवळ आलेली, किंवा वळणं वेगात घेण्याची सवय. दोन्ही पुढच्या टायरांचे बाहेरचे खांदे गोल घासलेले असतील आणि कोन बरोबर निघाले, तर उत्तर चालवण्यात आहे.

टो आणि कॅम्बर वेगळे ओळखायला हात लागतो. तळहात नक्षीवर आडवा ठेवा आणि बाहेरच्या कडेकडून आत न्या, मग आतून बाहेर आणा. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना नक्षीच्या पट्ट्यांच्या कडा बोचल्या तर टो-इन. उलट झालं तर टो-आउट. दोन्हीकडून सारखंच लागलं, पण एक कड उतरती झिजली असेल, तर कॅम्बरकडे बघा. ही चाचणी विनाखर्चाची आहे, अर्ध्या मिनिटाची आहे, आणि खोलीचे आकडे अजून काही बोलत नसतात तेव्हाही, दोन-तीन हजार किलोमीटरमध्येच, टोचा दोष दाखवून देते.

परिघाच्या दिशेने हात फिरवला आणि प्रत्येक ठोकळ्याची एक बाजू उंच, दुसरी खाली असे करवतीचे दाते लागले तर ती वेगळी झीज. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या मागच्या टायरांवर ती नेहमी दिसते. मागचा भाग हलका, चाकांना थोडा टो-इन आणि चाकांची अदलाबदल कधीच केलेली नाही, असा योग जुळला की दाते तयार होतात आणि गाडी गुणगुणू लागते. हा आवाज व्हील बेअरिंगच्या आवाजासारखाच असतो. त्यामुळे बेअरिंग बदलण्याआधी टायरवरून हात फिरवून बघायलाच हवा. धडधाकट बेअरिंग उगाच काढली जाऊ नयेत. टायरवर थोड्या थोड्या अंतरावर खोलगट वाट्या पडल्या असतील तर शॉक अब्सॉर्बर गेलेला, बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा) किंवा बुश (सांध्यातलं रबर) सैल, किंवा बॅलन्सिंग बिघडलेलं. नव्या गाडीत शॉक अब्सॉर्बर क्वचित जातो, पण तेल गळतंय का हे बघायला वेळ लागत नाही. एकाच जागी सपाट चट्टा असेल तर चाक कधीतरी ब्रेकखाली अडकून फरफटलं आहे.

हवा: नव्या गाडीतली पहिली चूक

कारखान्यातून गाडी पाठवताना टायरमध्ये मुद्दाम जास्त हवा भरतात, कारण आठवडे-महिने एका जागी उभ्या गाडीच्या टायरला सपाट चट्टे पडू नयेत. गाडी ताब्यात देण्यापूर्वीच्या तपासणीत ती हवा नेमून दिलेल्या आकड्यावर आणायची असते. हे काम राहून जातं, आणि गाडी ३३ च्या जागी ४० किंवा त्याहून जास्त पीएसआयवर महिनोन्महिने चालते. याच तपासणीत काही मॉडेल्सच्या स्प्रिंगमधले वाहतुकीचे ठोकळेही काढायचे असतात. ते राहिले तर गाडी उंच आणि कडक राहते आणि सगळे कोन चुकतात. गाडी पहिल्या दिवसापासून दगडासारखी आदळत असेल तर स्प्रिंगमध्ये दिवा मारून बघा.

हवेचा योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाआड लावलेल्या पट्टीवर असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तेवढी हवा भरायची नसते. पट्टीवर दोन ओळी असतील तर एक नेहमीच्या वजनाची आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीची. पुढच्या-मागच्या चाकांचे आकडेही वेगळे असू शकतात, आणि चाकांची अदलाबदल केल्यावर ते पुन्हा जुळवायला हमखास विसरतात.

हवा थंड टायरवरच मोजायची. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा दीड-दोन किलोमीटरहून जास्त चाललेली नसावी. चालून तापलेल्या टायरमध्ये चार ते सहा पीएसआय जास्त दिसतात. ते बघून हवा सोडली तर रात्री टायर कमी हवेवर असतो. बाहेरचं तापमान १० अंशांनी उतरलं की हवा साधारण दीड पीएसआयने उतरते, त्यामुळे ऋतू पालटताना एकदा मोजणं आलंच.

डॅशबोर्डवरच्या हवेच्या दिव्यावर झीज रोखण्याचं काम सोपवू नका. अनेक गाड्यांत हवा २० ते २५ टक्के कमी झाल्यावरच तो लागतो. ३३ ची हवा २७ वर आली तरी दिवा गप्प राहू शकतो, आणि सहा पीएसआय कमी असलेल्या टायरच्या दोन्ही कडा तोवर रोज घासत असतात. ज्या गाड्यांत हवेचा सेन्सर नसून चाकाच्या फिरण्यावरून अंदाज काढतात, तिथे चारही टायर एकसारखे हळूहळू उतरले तर यंत्रणेला ते उशिरा कळतं. शिवाय हवा चुकीची असताना कोणी 'रीसेट' दाबलं असेल तर ती चुकीची हवाच तिला बरोबर वाटते. स्वतःचा एक चांगला गेज घ्या आणि दर वेळी तोच वापरा.

टो: बहुतेक वेळा गुन्हेगार हाच

चाकं वरून पाहिली तर ती एकमेकांना समांतर आहेत, पुढून जवळ आली आहेत की फाकली आहेत, तो कोन म्हणजे टो. चालण्याच्या दिशेशी चाकाचा कोन असेल तर ते फिरता फिरता आडवं घसटतही जातं. किती, ते पाहा. १६ इंची रिमच्या कडेवर मोजलेला ३ मिलिमीटरचा एकूण टो म्हणजे साधारण ०.४२ अंश, प्रत्येक चाकाच्या वाट्याला ०.२१. एवढ्या कोनात चाक दर किलोमीटरला ३.७ मीटर आडवं घासतं. दहा हजार किलोमीटरमध्ये हे ३७ किलोमीटर आडवं फरफटणं झालं. स्टिअरिंगवर त्याचा पत्ताही लागत नाही, गाडी सरळ जाते, कंप नसतो. म्हणून "गाडी कुठे ओढत नाही, अलाइनमेंट बरोबर असणार" हा तर्क साफ चुकीचा आहे.

कॅम्बरचं तसं नाही. अनेक गाड्यांत चाकांना अर्धा ते दीड अंश उणा कॅम्बर मुळातच दिलेला असतो आणि टो जागेवर असेल तर तो टायरला फारसा झिजवत नाही. दोन्ही बिघडले की मात्र आतल्या कडेवर वजनही जास्त आणि घसटणंही जास्त, आणि टायर बघता बघता जातो.

पुढच्या चाकांबद्दल एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. सरळ रस्त्यावर पुढची दोन्ही चाकं स्टिअरिंगने एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे टोची चूक दोघांत सारखी वाटली जाते. डावा टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी दांडी) चुकला तरी झीज दोन्ही टायरांवर येते आणि स्टिअरिंग थोडं वाकडं बसतं. म्हणून पुढचा एकच टायर झिजला असेल तर नुसत्या टोवर समाधान मानू नका. त्या बाजूचा कॅम्बर, वाकलेला भाग किंवा अडकलेला ब्रेक शोधा. मागच्या चाकांचा टो डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळा असेल तर मागचा अॅक्सल गाडीला तिरपं ढकलतो आणि स्टिअरिंग सरळ राहत नाही. याला थ्रस्ट अँगल म्हणतात. तो तिरकेपणा सांगतो. मागचे टायर खातो तो दोन्ही चाकांचा मिळून एकूण टो. रिपोर्टवर दोन्ही आकडे वेगवेगळे बघा.

आता नव्या गाडीत टो बिघडतोच कसा? कारखान्यात तो लावलेला असतो, पण सहनमर्यादेच्या एका टोकाला असू शकतो. पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये स्प्रिंग आणि रबरी बुश बसतात, गाडी काही मिलिमीटर खाली येते आणि टो सरकतो. वाहतुकीत गाडी बांधताना हूक चुकीच्या भागाला लावला तर रॉड वाकू शकतो. एक मोठा खड्डा, फुटपाथच्या कडेवर बसलेला एक दणका पुरेसा असतो, आणि तो बसला तेव्हा रिमवर ओरखडाही उमटलेला नसतो.

घरी टो मोजणं

अचूक कोन मशीनवरच मिळतो, पण दोष आहे की नाही एवढं टेप आणि खडूने कळतं. जागा सपाट हवी, हवा बरोबर हवी, स्टिअरिंग सरळ हवं. गाडी हाताने पाच-सहा मीटर पुढे ढकलून थांबवा. मागे ढकलू नका, कारण बुश उलटे ताणले जातात आणि आकडा फसवतो. आता दोन्ही पुढच्या टायरांच्या मागच्या बाजूला, नक्षीच्या मधोमध, जमिनीपासून सारख्या उंचीवर बारीक खूण करा. उंची चाकाच्या मध्याइतकी मिळाली तर उत्तम. मध्ये इंजिनाखालचा भाग येत असेल तर टेप आरपार जाईल अशी जास्तीत जास्त उंची घ्या. दोन माणसांनी स्टीलचा टेप ताणून दोन खुणांमधलं अंतर मोजा. गाडी हळूच पुढे ढकला. खुणा वरून फिरून पुढच्या बाजूला त्याच उंचीवर आल्या की थांबा आणि पुन्हा मोजा. पुढचं अंतर कमी असेल तर टो-इन, जास्त असेल तर टो-आउट. तीच खूण दोन्ही वेळा वापरल्यामुळे टायरचा किंवा रिमचा वाकडेपणा हिशेबातून निघून जातो. हे तीनदा करा. तिन्ही आकडे एका मिलिमीटरच्या आत आले तरच विश्वास ठेवा. मागच्या चाकांनाही हीच रीत.

गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अंशांत असेल तर चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर मोजलेला १ मिलिमीटर, साधारण ६३० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर, सुमारे ०.०९ अंश धरा. अनेक गाड्यांचा एकूण टो शून्य ते ०.४ अंश टो-इनच्या दरम्यान ठरवलेला असतो. पाच-सहा मिलिमीटर टो-आउट निघाला तर पुस्तिका उघडायचीही गरज नाही.

कॅम्बरसाठी ४०० मिलिमीटर लांबीची सरळ पट्टी रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकवा आणि पाणसळ किंवा ओळंबा लावा. पट्टी ओळंब्यापासून ७ मिलिमीटर कलली म्हणजे एक अंश. जमीन कललेली असेल तर एका बाजूला आकडा वाढतो आणि दुसऱ्या बाजूला घटतो. गाडी त्याच जागी उलट तोंडाने उभी करून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक राहिला तर गाडी मशीनवर न्या.

मशीनवर काय मागायचं

चारही चाकांची अलाइनमेंट मागा. फक्त पुढच्या चाकांची करून घेतली तर मागचा दोष तसाच राहतो. काम सुरू होण्याआधी हवा जुळवली आहे, डिकीतलं सामान काढलं आहे आणि टाय रॉडचे सांधे, बॉल जॉइंट, बुश हलवून पाहिले आहेत याची खात्री करा. सांधा सैल असताना केलेली अलाइनमेंट मशीनवरून उतरेपर्यंतच टिकते. पुढची चाकं फिरत्या थाळ्यांवर आणि मागची सरकत्या पट्ट्यांवर मोकळी असावीत आणि मोजण्याआधी गाडी दाबून सस्पेन्शन बसवलेलं असावं. क्रमही महत्त्वाचा: आधी मागचा कॅम्बर आणि टो, मग पुढचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) आणि कॅम्बर, सगळ्यात शेवटी पुढचा टो. मागचं नंतर हलवलं तर पुढचं पुन्हा चुकतं.

मशीनमध्ये निवडलेलं मॉडेल स्वतः वाचा. एकाच गाडीच्या साध्या आणि स्पोर्ट सस्पेन्शनचे, वेगळ्या रिमचे, पेट्रोल आणि इलेक्ट्रिक प्रकाराचे आकडे वेगळे असतात. चुकीचा प्रकार निवडला की मशीन चुकीचे कोनही हिरवे दाखवतं. "अलाइनमेंट तीनदा केली तरी टायर जातातच" या तक्रारीमागे हे कारण असू शकतं, आणि ते तपासायला अर्धा मिनिट पुरतो.

हिरवा रंग म्हणजे सहनमर्यादेच्या आत, इतकाच अर्थ. टायर झिजत असतील तर टो मर्यादेच्या मध्यावर आणून मागा, कडेला हिरवा करून नाही. आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे असलेला रिपोर्ट हातात घ्या. आधीचे आकडे छापून देत नसतील तर तिथे काम करून घेऊ नका.

समायोजन झाल्यावर टाय रॉडचा लॉक नट घट्ट आहे का, आणि रॉड फिरवताना रबरी बूट पिळला गेला नाही ना, हे बघा. सस्पेन्शनच्या आर्मचे बोल्ट सैल केले असतील तर शेवटचा आवळ गाडीचं वजन चाकांवर असतानाच द्यायचा. हवेत लटकत्या आर्मवर आवळला तर बुश पिळलेला राहतो, गाडीची उंची बदलते आणि पुढे रबर फाटतं. काचेवर कॅमेरा किंवा पुढे रडार असलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर आणि त्या यंत्रणा पुस्तिकेप्रमाणे पुन्हा जुळवाव्या लागू शकतात.

कोन मर्यादेत येतच नाही तेव्हा

बऱ्याच छोट्या गाड्यांत मागचा अॅक्सल एकसंध बीमचा असतो आणि त्याला टो-कॅम्बर लावायची सोयच नसते. कोन चुकला तर हबच्या मागे तिरप्या पातळ चकत्या (शिम) घालतात किंवा बीम बदलतात. "मागचं सेट होत नाही" हे वाक्य ऐकून परत फिरू नका. सेट होत नसेल आणि आकडा मर्यादेबाहेर असेल तर तो भाग सदोष आहे, आणि नव्या गाडीत ती हमीची बाब आहे.

पुढच्या बाजूचा कॅम्बर चुकला असेल तर रिपोर्टवर स्टिअरिंग अॅक्सिसचा कल (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा आतल्या बाजूचा झुकाव), म्हणजे एसएआय, डाव्या-उजव्या चाकांचा ताडून बघा. कॅम्बर आणि एसएआय यांची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी असेल तर सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारा खालचा सांगाडा) सरकलेली असू शकते किंवा वरची माउंटिंगची जागा हललेली असू शकते. बेरीजच वेगळी असेल तर स्ट्रट (शॉक अब्सॉर्बरचा उभा खांब) किंवा नकल (चाकाचा हब धरणारा भाग) वाकलेला आहे. सरकलेली सबफ्रेम सैल करून जागेवर बसवली की काम होतं, वाकलेला नकल बदलावाच लागतो. एसएआय मोजण्यासाठी चाकं दोन्हीकडे वळवून वेगळं माप घ्यावं लागतं. घाईत ते गाळलं जातं, म्हणून ते स्पष्ट शब्दांत मागा.

एकच चाक प्रवासानंतर बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागत असेल तर अडकलेला ब्रेक आधी सोडवा. हात रिमच्या जवळ नेऊनच अंदाज घ्या, ब्रेकच्या चकतीला लावू नका.

सगळं बरोबर निघालं तर

वळणावर टायरवर येणारा आडवा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. तेच वळण ३० ऐवजी ४० ने घेतलं तर जोर जवळजवळ पावणेदोन पट होतो, आणि पुढच्या टायरांचे बाहेरचे खांदे त्याची किंमत मोजतात. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवणं हा दुसरा छुपा खर्च. गाडी जराशी सरकत असताना वळवली तर घासणं बरंच कमी होतं. ज्यांची गाडी रोज अरुंद तळघरात, खरखरीत काँक्रीटवर वळते त्यांच्या टायरांवर हे स्पष्ट दिसतं. मागच्या बाजूला कायम जड सामान असेल तर मागची चाकं आत कलतात आणि आतली कड जाते. तिथे पट्टीवरची पूर्ण वजनाची हवा वापरा.

हमीचा दावा

टायरची हमी सहसा टायरची कंपनी देते आणि ती रबरातल्या किंवा बांधणीतल्या दोषासाठी असते. एका बाजूची झीज दिसली की तिथे "गाडीचा दोष" म्हणून दावा फेटाळला जातो. गाडी विकणारा म्हणतो टायर आमच्या हमीत नाही. या दोघांच्या मधून वाट काढायची तर कागद लागतो: ३६ आकड्यांचा तक्ता, ओडोमीटर दिसेल असे फोटो, टायरच्या भिंतीवरच्या कोडचे शेवटचे चार अंक (पहिले दोन उत्पादनाचा आठवडा, पुढचे दोन वर्ष) आणि अलाइनमेंटचा 'आधीचा' रिपोर्ट. मागणी नेमकी मांडा. "टायर खराब आहेत" असं लिहू नका. "ताबा घेतल्यापासून ९,००० किलोमीटरला मागचा एकूण टो मर्यादेबाहेर आहे आणि त्यामुळे दोन्ही टायरांची आतली कड ३ मिलिमीटरने जास्त झिजली आहे" असं लिहा. लेखी द्या, पोच घ्या आणि पहिल्या सर्व्हिसपर्यंत थांबू नका; अलाइनमेंटसारख्या समायोजनाच्या कामांची हमी पूर्ण गाडीच्या हमीपेक्षा पुष्कळदा खूप लवकर संपते.

दुरुस्तीनंतर

कड गेलेला टायर दुरुस्तीने भरून येत नाही. दाते पडलेला टायर जागा बदलून हळूहळू थोडा सपाट होतो, पण आवाज काही हजार किलोमीटर राहतो; तो ऐकून अलाइनमेंट पुन्हा चुकली असं समजू नका. दोनच टायर नवे घेत असाल तर ते मागे बसवा, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी सावरणं अवघड. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत चारही टायरांची खोली जवळपास सारखी लागते. किती फरक चालतो ते पुस्तिकेत बघा.

चाकांची अदलाबदल दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला करा. पुढची चाकं गाडी ओढत असतील तर पुढचे टायर त्याच बाजूला सरळ मागे आणि मागचे फुलीने पुढे. मागची किंवा चारही चाकं ओढत असतील तर मागचे सरळ पुढे, पुढचे फुलीने मागे. भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर फुली नाही, त्याच बाजूला फक्त मागे-पुढे. नट टॉर्क पान्यानेच आवळा. कारमध्ये हा आकडा साधारण ९० ते १४० न्यूटन-मीटर असतो, नेमका पुस्तिकेत. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. एक मात्र लक्षात असू द्या: दोष शोधायच्या आधी केलेली अदलाबदल झीज चार टायरांत वाटून टाकते आणि खूण पुसते.

दुरुस्तीच्या दिवशी सगळे आकडे पुन्हा घ्या आणि तारीख-किलोमीटर टाकून ठेवा. एक हजार किलोमीटरला हात फिरवून बघा, बोचणाऱ्या कडा बोथट व्हायला लागल्या पाहिजेत. दोन ते तीन हजारांना गेज लावा. आतल्या आणि बाहेरच्या खाचेतला फरक जिथल्या तिथे थांबला असेल आणि हजारामागचा दर उतरला असेल तर कारण सापडलं होतं. फरक वाढतच असेल तर पुन्हा टायर बदलू नका. गाडी दुसऱ्या मशीनवर न्या, आधीचा रिपोर्ट सोबत ठेवा आणि दोन्ही मशीनचे आकडे जुळतात का तिथून सुरुवात करा. आकडे जुळले, तरी झीज चालूच राहिली, तर गाडी उभी असताना बरोबर आणि चालताना चुकीची आहे. मग टाय रॉड, आर्मचे बुश आणि सबफ्रेमचे बोल्ट लिफ्टवर पहार लावून, जोर देऊन, एकेक करून तपासायचे.